कुंडीतल्या स्नॅपड्रॅगनचे बीडमधले भाऊबंद

प्रश्न : दर हिवाळ्यात मी अंगणात स्नॅपड्रॅगनची रोपं लावते. रोपवाटिकेत त्याला कुणी ‘डॉग फ्लॉवर’ म्हणतं, कुणी ‘अँटिरिनम’. मुलगी बारावीला आहे, नीटची तयारी करते. तिच्या एका पुस्तकात या झाडाचं कुल स्क्रोफ्युलॅरिएसी दिलंय, दुसऱ्यात प्लँटाजिनेसी. प्लँटाजिनेसी म्हणजे तर इसबगोलाचं कुल, असं ती म्हणते. इसबगोलाचं आणि या फुलाचं काय नातं असणार? आणि आपल्या बीड जिल्ह्यात या झाडाचं एखादं रानटी भावंड सापडतं का?
— एक वाचक भगिनी, अंबाजोगाई

उत्तर : ताई, दोन्ही पुस्तकं आपापल्या जागी बरोबर आहेत. एक जुनं आहे, एक नवं. स्नॅपड्रॅगन आज प्लँटाजिनेसीत, म्हणजे इसबगोलाच्याच कुलात धरतात. परीक्षेत कुल विचारलं तर मुलीला तिच्या नेमलेल्या पुस्तकाप्रमाणे लिहू द्या. पण घरी मात्र ही गोष्ट दोघींनी मिळून समजून घ्या. एखादं झाड कुणाचं नातलग हे ठरवायचं कशावरून, या प्रश्नावर वनस्पतिशास्त्राने अडीचशे वर्षं घालवली आहेत, आणि त्यातला बराच काळ फुलाच्या चेहऱ्यावर भरवसा ठेवून गेला.

आधी एक फूल तोडून हातात घ्या. खाली पाच हिरवी दलं, वर पाच पाकळ्या. या पाकळ्या बुडाशी जुळून नळी झालेली असते. वरच्या दोन पाकळ्यांचा वरचा ओठ, खालच्या तिघींचा खालचा ओठ. खालच्या ओठाला मध्ये फुगवटा असतो, बहुधा पिवळा. तो वर येऊन नळीचं तोंड बंद करतो. याला फुलाची टाळू म्हणतात. आता ब्लेडने फूल उभं चिरा. वरच्या बाजूला टेकलेले चार पुंकेसर दिसतील, दोन लांब आणि दोन आखूड. त्या चौघांच्या मधोमध, वरच्या अंगाला, नीट पाहिलं तर पाचव्याचा नुसता खुंट असतो. पाच पाकळ्यांच्या हिशेबाने पाच पुंकेसर हवेत. पाचवा वाढता वाढता थांबलेला आहे. या खुंटाकडे पुन्हा यायचं आहे, म्हणून तो लक्षात ठेवा.

लिनिअसने 1753 साली ‘स्पीशिज प्लँटेरम’ या ग्रंथात या झाडाला अँटिरिनम मेजस हे नाव दिलं. अँटिरिनम हा मूळ ग्रीक शब्द, अर्थ ‘नाकासारखं’. लिनिअसची पद्धत पुंकेसर मोजण्याची. दोन लांब, दोन आखूड असले की एक वर्ग. त्या वर्गाचे दोन भाग : बिया उघड्या दिसणारी झाडं आणि बोंडात बंद असलेली. तुळशीची वाळलेली मंजिरी तळहातावर चोळली की प्रत्येक दलाच्या तळाशी चार बारीक काळे दाणे मिळतात. लिनिअसला त्या उघड्या बिया वाटल्या. खरं तर ते फळाचे चार तुकडे आहेत. म्हणून तुळस पहिल्या भागात गेली. तीळ आणि अँटिरिनम दुसऱ्या भागात, शेजारी-शेजारी.

पुढे पुंकेसर मोजून वर्ग पाडण्याची पद्धत मागे पडली आणि एकूण साम्यावरून कुलं बांधली गेली. त्यातच स्क्रोफ्युलॅरिएसी हे मोठं कुल आलं. मराठी लिखाणात त्याला ‘नीरब्राह्मी कुल’ म्हणत. हे कुल बांधलं कसं, ते मुलीला जरूर सांगा. झाडाचं फूल दोन ओठांचं आहे ना? मग विचारायचं : फळाचे तुळशीसारखे चार दाणे होतात का? होत असतील तर तुळशीचं कुल. बोंड फुटताना बी दूर फेकणारे आकडे आत आहेत का? असतील तर अडुळसा-कोरांटीचं कुल. बियांना पातळ पंख आहेत का? असतील तर बुचाच्या झाडाचं कुल. यातलं काहीच नसेल, साधं दोन कप्प्यांचं बोंड आणि बारीक बी असेल, तर ते झाड स्क्रोफ्युलॅरिएसीत घाला. म्हणजे ‘हे नाही, तेही नाही’ असं करत उरलेल्यांना एका छपराखाली आणलं. जगभरातल्या सुमारे 5,000 जाती त्यात जमल्या. हे छप्पर वनस्पतिशास्त्राने दोनशे वर्षं चालवून घेतलं, याचं मला विद्यार्थिदशेत आश्चर्य वाटायचं नाही. आज वाटतं. कशाच्या तरी नसण्यावरून नातं सिद्ध होत नाही. दोघांच्याही घरी बैल नाहीत, एवढ्यावरून दोघं भाऊ ठरत नाहीत.

हूकरच्या संपादनाखालचा ‘फ्लोरा ऑफ ब्रिटिश इंडिया’ असो की पुण्याच्या सायन्स कॉलेजचे प्राचार्य राहिलेल्या थिओडोर कूक यांचा 1901 ते 1908 या काळातला मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा ग्रंथ असो, सगळीकडे हे कुल एकत्र नांदताना दिसतं. आपल्या भागासाठी सर्वांत महत्त्वाचा ग्रंथ म्हणजे व्ही. एन. नाईक यांचा 1998 सालचा ‘फ्लोरा ऑफ मराठवाडा’. तो तयार होत असतानाही हे कुल एकसंधच होतं. मात्र त्याच 1998 साली सपुष्प वनस्पतींचं डीएनएवर आधारलेलं पहिलं सर्वमान्य वर्गीकरण जाहीर झालं. हरितलवकातली काही जनुकं घ्यायची, त्यांतल्या अक्षरांचा क्रम झाडाझाडांत ताडून पाहायचा, आणि कुणाची फांदी कुणापासून कधी फुटली ते काढायचं, अशी ही रीत. रिचर्ड ओल्मस्टेड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती या कुलाला लावली. 2001 साली त्यांनी लेख छापला, त्याचं शीर्षकच ‘स्क्रोफ्युलॅरिएसीचं विघटन’ अशा अर्थाचं आहे. एकत्र कुटुंब म्हणून जे चाललं होतं त्यात चार-पाच निरनिराळ्या घराण्यांची माणसं निघाली.

वाटण्या झाल्या त्या अशा. मूळ नाव थोड्याच झाडांकडे राहिलं. दुसऱ्यांच्या मुळांवर जगणारी सगळी परजीवी झाडं उचलून ओरोबँकेसी कुलात गेली. आणि अँटिरिनम, हृदयविकारावरचं डिगॉक्सिन ज्या गटातून मिळतं ती डिजिटॅलिस, आणि खुद्द नीरब्राह्मी, ही मंडळी इसबगोलाबरोबर निघाली. ज्या नीरब्राह्मीच्या नावाने मराठीत कुल ओळखलं जायचं, ती स्वतःच त्या कुलातून बाहेर पडली आहे. मला यातली ही गोष्ट सर्वांत जास्त लक्षात राहते. (नीरब्राह्मी म्हणजे पाणथळीत पसरणारी, जाड चमच्यासारख्या पानांची, फिकट जांभळट-पांढऱ्या फुलांची वनस्पती. बाजारात ‘ब्राह्मी’ म्हणून पुष्कळदा गोल पानांची मंडूकपर्णी देतात, ती कोथिंबिरीच्या कुलातली. दोघींत गल्लत करू नका.)

नव्या कुटुंबाला नाव इसबगोलाच्या घराचं का मिळालं? कारण नामकरणाचे नियम चेहरा पाहत नाहीत, तारीख पाहतात. इसबगोलाच्या गटाचं नाव वनस्पतिशास्त्रज्ञ जुसूने 1789 साली ग्रंथात घातलं होतं. ओल्मस्टेड यांनी आपल्या लेखात दुसरं नाव वापरून पाहिलं, पण नियमाने प्लँटाजिनेसीच टिकलं.

आता तुमचा खरा प्रश्न, इसबगोल आणि स्नॅपड्रॅगनमध्ये साम्य ते काय? चेहऱ्यात जवळजवळ नाहीच. इसबगोलाची ओंबी चिमटीत धरून भिंगातून पाहा. चार कागदी, पारदर्शक पाकळ्या, चारही सारख्या. लांब दोऱ्यांवर हलणारे परागकोश. ही वाऱ्यावर पराग सोडणारी झाडं. वाऱ्याला ना रंग लागतो, ना ओठ, ना टाळू. म्हणून इसबगोलाच्या गटात ते सगळं गळून गेलं. वरची पाकळी कोणती, खालची कोणती हे ठरवणाऱ्या जनुकांची जी मांडणी अँटिरिनममध्ये आहे, ती इसबगोलाच्या प्रजातीत उरलेलीच नाही, हे पुढे प्रयोगशाळेतही दिसलं. चेहरा बदलला, वंश बदलला नाही.

भावंडांकडे येऊ. स्नॅपड्रॅगन आपल्याकडचा नव्हे. त्याच्या प्रजातीत वीस-पंचवीस जाती, बहुतेक स्पेन-पोर्तुगालच्या आणि भूमध्य समुद्राच्या पश्चिम काठच्या, खडकांत आणि जुन्या भिंतींत वाढणाऱ्या. पण त्याच्या अगदी जवळच्या गोतातलं एक रोप दख्खनमध्ये रानटी आहे, आणि तेही भिंतींत आणि कातळांच्या भेगांतच वाढतं. शास्त्रीय नाव नॅनोरिनम रॅमोसिसिमम. जुन्या पुस्तकांत ते किकशिया म्हणून आणि त्याआधी लिनारिया म्हणून सापडेल. सुतळीहून बारीक, लोंबणाऱ्या, पुन्हा पुन्हा फुटलेल्या फांद्या. पानं भाल्याच्या फाळासारखी, बुडाशी दोन कान काढलेली. पानाच्या बगलेत एकच पिवळं फूल, सेंटिमीटरभरही नसेल. पण भिंग लावलंत की तोच वरचा ओठ, तोच खालचा ओठ, तीच मिटलेली टाळू. फरक एवढाच की पाठीमागे एक बाकदार शेपटी असते, तिच्यात मध साठतो. स्नॅपड्रॅगनच्या नळीला तिथे नुसता फुगार आहे.

तुम्ही अंबाजोगाईच्या आहात. हत्तीखान्याच्या लेण्यांकडे गेलात, किंवा धारूरच्या किल्ल्यावर गेलात, तर दगडाच्या सांध्यांत हे रोप शोधा. भिंतींवर लिंडेनबर्जिया नावाचं आणखी एक पिवळ्या, दोन ओठांच्या फुलांचं झाड येतं, त्याने फसू नका. त्याची पानं लवदार असतात आणि फुलाला शेपटी नसते.

ही लिंडेनबर्जिया दुसऱ्याच घराण्यातली, म्हणजे ओरोबँकेसीतली, आणि ते घराणं बीडच्या शेतकऱ्याला चांगलंच माहीत आहे. ज्वारीत येणारा टारफुला पाहिला असेल. वीतभर उंच, खरखरीत, पांढऱ्या फुलांचा. जुन्या वर्गीकरणात तो स्नॅपड्रॅगनचा कुलबंधू होता. केजकडच्या एका शिवारात मी विद्यार्थ्यांना घेऊन गेलो होतो. ज्वारीचं पिवळं पडलेलं एक ताट आम्ही ढेकळासकट काढलं आणि बादलीत हळूहळू माती विरघळू दिली. टारफुल्याचं पांढरं मूळ ज्वारीच्या मुळाला जिथे भिडतं, तिथे मोहरीएवढी गाठ होती. ती गाठ म्हणजे शोषक अवयव. वर हिरवी पानं आहेत, म्हणून टारफुला स्वतःही थोडं अन्न करतो, पण पाणी आणि क्षार सगळे ज्वारीचे. जमिनीवर दिसायच्या आधीच त्याने पिकाचं नुकसान केलेलं असतं, म्हणूनच तो इतका छळतो.

याचं बी धुळीसारखं असतं आणि वर्षानुवर्षं मातीत पडून राहतं. यजमानाच्या मुळातून ठरावीक रसायन झिरपलं तरच ते उगवतं. हे रसायन, स्ट्रायगॉल, 1966 साली प्रथम वेगळं केलं गेलं, तेही कपाशीच्या मुळांच्या स्रावातून. मुळं ते सोडतात ते टारफुल्यासाठी नव्हे. स्फुरद कमी पडलं की मुळं अशा रसायनांनी मातीतल्या मदतनीस बुरशीला बोलावतात. ती हाक टारफुला ऐकतो. हलक्या, अन्नद्रव्यं संपलेल्या जमिनीत त्याचा त्रास जास्त का, याचं एक कारण इथे सापडतं. आणि कपाशीचा फायदाही इथेच आहे. कपाशीची हाक ऐकून टारफुल्याचं बी उगवतं, पण कपाशीच्या मुळावर त्याला जगता येत नाही, ते मरतं. ज्वारीनंतर कपाशी घेणाऱ्या शेतात बियांचा साठा असा थोडा थोडा कमी होतो.

टारफुल्याला पान असल्याने तो पूर्वी स्क्रोफ्युलॅरिएसीत बसायचा, आणि वांगी-टोमॅटो-तंबाखूवर येणारा, हिरवं पान अजिबात नसलेला बंबाखू वेगळ्या कुलात. डीएनएने दाखवलं की परजीवी होण्याचं वळण या शाखेत एकदाच घेतलं गेलं. टारफुला अर्ध्या वाटेवर आहे, बंबाखू पार पलीकडे गेला. लिंडेनबर्जिया त्या वळणाच्या अलीकडे थांबलेली, आपल्या पायावर उभी.

राहिला तीळ. त्याचं कुल वेगळं, पण गण एकच. स्नॅपड्रॅगन, तुळस, तीळ, साग, निर्गुडी, अडुळसा ही सगळी लॅमिएलिस गणातली. तिळाचं फूल चिरलंत तर तेच दिसेल : दोन लांब, दोन आखूड पुंकेसर, आणि पाचव्याचा खुंट. संस्कृत कवी सुंदर नाकाला तिळाच्या फुलाची उपमा देत आले. तिकडे ग्रीकांनी अँटिरिनमच्या नावात नाकच घातलं. एकमेकांची भाषा न कळणाऱ्या दोन लोकांना एकाच गणातल्या दोन फुलांत नाक दिसलं, हे मला फार आवडतं. तो आकार खरोखरच एका पूर्वजाकडून आलेला आहे.

प्रश्न : स्नॅपड्रॅगनचं फूल दोन्ही बाजूंनी दाबलं की तोंड उघडतं, सोडलं की मिटतं. मिटलेल्या फुलात मधमाशी जाते कशी?
— माजलगाव

उत्तर : बहुतेक मधमाश्या जातच नाहीत, आणि तोंड मिटण्याचा उद्देश नेमका तोच आहे. दोन ओठ जिथे जुळतात तिथे दोन्ही बाजूंना बिजागरी असते. तुम्ही गालांवर दाबता तेव्हा ती वाकते. कीटक मात्र खालच्या ओठावर उतरून वजनाने आणि डोक्याने ढकलून आत शिरतो. युरोपात हे काम अंगाने जाड, केसाळ अशा बंबलबी करतात. त्या आपल्या देशात प्रामुख्याने हिमालयात आहेत. इकडे तेवढा ताकदवान म्हणजे काळा भुंगा. सातेरीसारख्या लहान माशीला ते दार जड पडतं.

आत शिरलेल्या कीटकाची पाठ वरच्या ओठाखालच्या पुंकेसरांना घासते आणि पराग नेमके त्याच्या पायांना न लागणाऱ्या जागी चिकटतात. पुढच्या फुलातही पाठच घासणार. दार असं बंद ठेवल्याने पराग भिजत नाहीत आणि फुकट खाणारे बाहेर राहतात. भुंगा मात्र कधी कधी दाराने न जाता नळीच्या बुडाशी चीर पाडून बाहेरूनच मध ओढतो. तुमच्या फुलांना खाली अशी बारीक फट दिसली तर कीड समजून फवारणी करू नका.

पाकळीची मखमल बोटाला जाणवली असेलच. तिथल्या वरच्या थरातली प्रत्येक पेशी शंकूसारखी टोकदार असते. या शंकूंमुळे रंग गडद दिसतो, आणि माशीच्या पायाला पकडही मिळते. ज्या जनुकाने हे शंकू होतात ते मिक्स्टा जनुक बिघडलेल्या झाडाची पाकळी गुळगुळीत आणि फिकी असते. आणि वास? तो घ्यायचा असेल तर उन्हाच्या वेळी घ्या. या फुलाच्या वासातलं मुख्य रसायन मिथाइल बेंझोएट दिवसा जास्त सुटतं, रात्री कमी, कारण गिऱ्हाईक दिवसाचं आहे.

प्रश्न : मी बी.एस्सी.ला आहे. घरच्या एका झाडावर अगदी शेंड्याला एक फूल आलं, ते गोल होतं. ओठ नाहीत, टाळू नाही, नळीला सगळीकडून सारख्या पाकळ्या. खालची फुलं मात्र नेहमीसारखी. हा रोग आहे का?
— बीड

उत्तर : रोग नाही, आणि तू भाग्यवान आहेस. ते फूल वाळवून वहीत ठेव, तारीख लिही.

स्वीडनमध्ये 1742 साली स्टॉकहोमजवळच्या एका बेटावर उप्सालाच्या एका विद्यार्थ्याला लिनारियाचं असंच झाड सापडलं होतं. लिनारिया म्हणजे शेपटीवाला, स्नॅपड्रॅगनचा सख्खा चुलतभाऊ. लिनिअसने तर 1753 साली त्याला अँटिरिनममध्येच घातलं होतं. या झाडाची सगळी फुलं गोल होती. जाती देवाने केल्या तशाच राहतात असं मानणाऱ्या लिनिअसला हे पाहून धक्का बसला. 1744 साली त्याने त्याला ‘पेलोरिया’ नाव दिलं, ग्रीकमध्ये अर्थ राक्षस.

डार्विनने असं गोल फुलांचं स्नॅपड्रॅगन नेहमीच्या झाडाशी संकरित केलं. पहिल्या पिढीत सगळी फुलं नेहमीची. त्या पिढीच्या बियांपासून 127 रोपं झाली : 88 नेहमीची, 37 गोल, 2 अधलीमधली. 1868 च्या पुस्तकात त्याने हे आकडे छापले. मेंडेलचा निबंध दोनच वर्षं आधी, 1866 साली आला होता. तीनास एक हे प्रमाण डार्विनच्या स्वतःच्या वाफ्यात उभं होतं, पण त्याला त्यातला नियम दिसला नाही. हे आकडे वर्गात फळ्यावर लिहिताना मला दर वेळी हुरहुर वाटायची.

कारण उलगडलं ते 1996 साली, सायक्लॉइडिया या जनुकात. फुलाच्या वरच्या अंगाला, म्हणजे दांड्याकडच्या बाजूला, हे जनुक जागं असतं. तेच वरच्या पाकळ्यांना वरचा आकार देतं आणि तेच पाचव्या पुंकेसराला थांबवतं. तो खुंट याच जनुकाचं काम. हे आणि त्याचं जोडीदार जनुक दोन्ही बंद पडली की सगळ्या पाकळ्या खालच्या ओठाच्या मधल्या पाकळीसारख्या होतात आणि थांबलेला पुंकेसरही पूर्ण वाढतो. तुझं फूल चिरलंस तर पुंकेसर मोज.

शेंड्यालाच का आलं? स्नॅपड्रॅगनचा दांडा एरवी वाढतच जातो, फुलं बगलेत येतात. बगलेतल्या फुलाला एक बाजू दांड्याकडची असते, म्हणून वर-खाली ठरतं. शेंड्यावरच फूल आलं की त्याला दांड्याकडची बाजूच नसते, आणि ते गोल होतं. शेंडा वाढता ठेवणारं सेंट्रोरेडियालिस हे जनुकही 1996 सालीच सापडलं. ते बिघडलेल्या झाडांत प्रत्येक दांड्याच्या टोकाला गोल फूल येतं.

लिनारियाच्या राक्षसाची गोष्ट तर आणखी पुढे गेली. 1999 साली त्याचं जनुक तपासलं तेव्हा अक्षरं जशीच्या तशी होती. त्यावर मिथाइल गटांची मोहर बसून ते नुसतं मुकं झालं होतं. जनुक न बदलता गुण बदलतो आणि पुढच्या पिढ्यांत जातो, याचं ते नैसर्गिक उदाहरण ठरलं.

तू अभ्यासक्रमात फुलाच्या अवयवांचं एबीसी प्रारूप शिकशील. एन्रिको कोएन आणि इलियट मायरोविट्झ यांनी ते 1991 साली मांडलं, अर्धं स्नॅपड्रॅगनच्या आणि अर्धं अरॅबिडॉप्सिसच्या बिघडलेल्या फुलांवरून. या प्रारूपातल्या बहुतेक जनुकांना ‘मॅड्स’ जनुकं म्हणतात, त्यातला ‘ड’ स्नॅपड्रॅगनच्या डेफिशियन्स जनुकाचा. आणि 2019 साली या झाडाच्या आठही गुणसूत्रांचा वाचलेला क्रम प्रसिद्ध झाला : सुमारे 51 कोटी अक्षरं, 37,000 हून जास्त जनुकं.

प्रश्न : लाल आणि पांढऱ्याचा संकर केला की गुलाबी फूल येतं, याला आमच्या राज्य मंडळाच्या पुस्तकात गुलबक्षीचं उदाहरण आहे आणि एनसीईआरटीच्या पुस्तकात स्नॅपड्रॅगनचं. कोणतं लिहायचं?
— परळी वैजनाथ

उत्तर : दोन्ही चालतात. लाल रंगद्रव्य करणाऱ्या विकराची एकच चालती प्रत असली की रंग कमी होतो, फूल गुलाबी दिसतं. पुढच्या पिढीत लाल, गुलाबी, पांढरी ही फुलं 1 : 2 : 1 अशी पडतात. पण ‘स्नॅपड्रॅगन म्हणजे अपूर्ण प्रभाविता’ असं पाठ करू नका. वर सांगितलेला गोल फुलाचा गुण याच झाडात पूर्णपणे अप्रभावी आहे. अपूर्ण प्रभाविता जनुकाच्या एका जोडीची असते, झाडाची नव्हे.

एक निरीक्षण सांगतो. काही झाडांच्या फिक्या फुलांवर गडद रेषा किंवा ठिपके उठतात. जनुकात घुसून बसलेला, जागा बदलणारा डीएनएचा तुकडा तिथून निघाला की त्या पेशीपासून पुढे रंग परत येतो. अशातला टॅम-3 हा तुकडा 15 अंशांच्या आसपास हलतो आणि 25 अंशांना जवळजवळ गप्प असतो. पौष-माघातल्या थंडीत तयार झालेल्या कळ्या आणि फाल्गुनातल्या कळ्या ताडून पाहा.

प्रश्न : घरचं बी धरता येईल का?
— अंबाजोगाईच्या त्याच वाचक भगिनी

उत्तर : येईल. पाकळ्यांची नळी अख्खी गळून पडली की मागे बोंड राहतं. ते तपकिरी होऊन त्याला वर तीन छिद्रं पडतात. उलटं धरलंत तर डोळे आणि तोंड असलेली लहानशी कवटी वाटेल. छिद्रं पडण्याच्या बेतात असतानाच दांडा कापून कागदी पिशवीत उलटा टांगा. बी अतिशय बारीक, एका ग्रॅममध्ये सहा हजारांच्या आसपास. पाकिटावर ‘संकरित’ लिहिलं असेल तर पुढच्या वर्षी रंग आणि उंची मिसळलेल्या निघतील.

भाद्रपद संपताना किंवा अश्विनात पेरा. बी मातीखाली गाडू नका, वर भुरभुरून हाताने नुसतं दाबा. त्याला उगवायला उजेड हवा. रोप बोटभर झालं की शेंडा खुडा, फांद्या फुटतील. आणि कुंडीत नुसती काळी माती भरू नका. हे झाड मुळात भिंतीच्या भेगेतलं आहे. काळ्या मातीत पाणी तुंबलं की मूळ कुजतं. निम्मा बारीक मुरूम किंवा वाळू घाला.